कुंपणाची बाहेरची बाजू

काउबॉय आपली टोपी पलंगावर ठेवत नाहीत. अपशकुन समजतात.

*

१८७४ साली इलिनॉयमधल्या एका शेतकऱ्यानं काटेरी तारेचं पेटंट घेतलं. काटे वळवायला त्यानं आधी घरातलं कॉफी दळायचं यंत्र वापरलं, असं सांगतात.

*

घोडीला दोन नावं होती. पाटीवर ‘डकोटा’. दाणा घालणारा तिला चंद्री म्हणायचा.

*

वाळूजच्या कारखान्यातली पाळी संपवून अतुल बजाजनगरच्या खोलीवर गेला नाही. गावी जत्रा होती. त्यानं मोटारसायकल बीड रस्त्याला लावली.

*

टेक्सासच्या उत्तरेला एका हिवाळ्यात बर्फाचं वादळ आलं. गुरं वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेकडं सरकत गेली. मध्ये मैलोन्‌मैल कुंपण होतं. पुढची गुरं तारेला टेकली, मागची पुढच्यांना. उभ्या उभ्या मेली.

*

नवरदेव सलूनच्या झुलत्या दारातून आत आला तेव्हा फटाक्यांची माळ लावली गेली.

१

पाचोडच्या अलीकडं, महामार्गापासून हाकेच्या अंतरावर, गायरानाच्या कडेला ‘फ्रंटियर फार्म’ आहे. लाकडी दर्शनी भिंतींची काही दुकानं, काउबॉय सिनेमातल्या दारूच्या गुत्त्यासारखं एक सलून, एक खोटा तुरुंग, दोन घोडे. आता एकच. लोक तिथं लग्नाआधीचे फोटो काढायला येतात आणि परवडलं तर लग्नही तिथंच लावतात.

गेल्या महिन्यात अशाच एका लग्नाच्या दुसऱ्या सकाळी मागच्या कुंपणाच्या तिन्ही तारा कापलेल्या दिसल्या. त्याच जागेतून पांढरी घोडी रात्री बाहेर पडली होती आणि महामार्गावर अतुलच्या मोटारसायकलसमोर आली होती. घोडी गेली. अतुलही गेला.

पोलिसांनी मोतीराम यांना धरलं. घोड्यांचं आणि कुंपणाचं सगळं तेच बघायचे. त्यांचं घर कुंपणाच्या पलीकडं, गायरानावर. कुंपण झाल्यापासून घराकडं जायची वाट बंद झाली होती आणि त्यावरून मालकाशी त्यांची सगळ्यांसमोर बोलाचाली झाली होती. घरात तार कापायची पक्कड मिळाली. कुंपण दुरुस्त करणाऱ्याच्या घरात पक्कड मिळणारच, पण हे म्हणायला तेव्हा तिथं कोणी नव्हतं.

त्यांचा मुलगा अभय छावणी भागात तनुजाच्या घरी आला. ती शहरातल्या एका महाविद्यालयात अमेरिकेचा इतिहास शिकवायची. अभय तिचा जुना विद्यार्थी.

“मॅडम, तुम्ही आम्हाला काटेरी तारेवर आख्खा तास शिकवला होता. सगळा वर्ग झोपला होता.”

“तू?”

“मीपण. पण मधूनमधून जागा होतो.”

त्यानं मोबाइल पुढं केला. आईचा फोन आल्याबरोबर तो बजाजनगरहून निघाला होता, आणि पोलीस कुंपणापाशी येण्याआधीच त्यानं हे फोटो काढले होते. तनुजानं एक फोटो मोठा केला. खांब, गवत, गवतात लोळणाऱ्या तीन तारा. तिनं तो आणखी मोठा केला, पुन्हा लहान केला.

“काय झालं, मॅडम?”

“अभय, तार कापली म्हणून घोडी बाहेर गेलेली नाही.”

फलक (मालकानं नापास केलेला)

*काउबॉय म्हटलं की गोरा माणूस डोळ्यांसमोर येतो. इतिहासकारांच्या अंदाजानं चारांतला एक काउबॉय काळा होता. कित्येक जण गुलामीतून नुकते सुटले होते. त्यांना बिथरलेला घोडा पहिल्यांदा दिला जाई आणि पगारवाढ शेवटी.*

शेजारी मालक शिवराजच्या अक्षरात: मॅडम, लोक इथं नाश्ता करायला येतात.

२

“ताणलेली तार कापली की ती उसळते,” तनुजा म्हणाली. “दोन्ही तोंडं खांबाकडं वेटोळी होऊन जातात. तुझ्या फोटोत तारा सरळ पडल्या आहेत. म्हणजे कापल्या तेव्हा त्या आधीच ढिल्या होत्या.”

“ढिल्या कशानं झाल्या?”

“खांबाला तार ज्या बारीक तारेनं बांधतात ती बघ. या खांबावर तुटलीये. याही. कापलेली नाही, ताणून तुटलीये. आतून कशाचा तरी धक्का बसलाय.”

अभयनं फोन खिशात ठेवला, पुन्हा काढला. “मग बाबा सुटतील.”

“आधी खरी तार बघायला हवी.”

“ती नाही आता. त्यांनी आठवड्यात नवीन कुंपण घातलं. जुनी तार भंगारात गेली असंल.”

तनुजानं चपला घातल्या. शिवराजनं सलूनच्या भिंतीसाठी तिच्याकडून फलक लिहून घेतले होते आणि त्यातले निम्मे नापास केले होते. तिथं जायला तिला कारण शोधायची गरज नव्हती.

३

तार भंगारात गेली नव्हती. सलूनच्या काउंटरवर, बाटल्यांच्या वर, भिंतीला टांगली होती. खाली पिवळा दिवा सोडला होता.

“व्हिंटेज लूक,” व्यवस्थापक सुदर्शन म्हणाला. त्याच्या डोक्यावर काउबॉयची टोपी होती आणि गळ्यात रुमाल. “भंगारवाला घेऊन चालला होता. मी म्हणलो, थांब बाबा. एकदम ओरिजिनल गंज है मॅडम, पैसे देऊन मिळत नाय.”

“ही त्याच दिवशीची तार?”

“त्याच. पोलिसांनी एक तुकडा नेला, बाकी म्हणले ठेवा. कुणाला सांगत नाय आपण. नवरी-नवरदेवाला कशाला सांगायचं?”

तनुजा खुर्चीवर चढली. सुदर्शननं खुर्ची धरली. मधल्या तारेच्या काट्यांत पांढरे केस अडकले होते. कापलेल्या जागेच्या डावीकडंही आणि उजवीकडंही. एका काट्यावर वाळलेलं काळपट काही तरी होतं. तिनं कापलेल्या टोकांवरून बोट फिरवलं. टोचलं नाही, प्रत्येक टोक मागं वाकवलेलं होतं. तिनं त्याचाही फोटो घेतला आणि खाली उतरली.

“सुदर्शन, कापलेल्या जागेतून घोडी गेली असती तर काट्यांना केस कशाला अडकले असते?”

सुदर्शननं टोपी काढून काउंटरवर ठेवली.

“मॅडम, माझं नाव कुठं घेऊ नका,” तो म्हणाला. “त्या रात्री मी अॅम्ब्युलन्सबरोबर घाटी हॉस्पिटलात गेलो होतो, दिवस वर आल्यावर परत आलो. मला काय बी माहीत नाय. आणि ती तार मी आजच उतरवतो.”

फलक (मालकानं नापास केलेला)

*मोकळ्या कुरणावर गुरं कोणाचीही चरत. मग तारा आल्या. पाणवठे आत गेले, वाटा आत गेल्या. टेक्सासमध्ये लोक टोळ्या करून रात्री तारा कापू लागले. सरकारनं कुंपण कापणं हा गंभीर गुन्हा ठरवला. सार्वजनिक रस्त्यावर कुंपण घालणं हाही गुन्हा ठरवला, पण किरकोळ.*

शिवराज: याच्याऐवजी टोप्यांचे प्रकार लिहा.

४. वच्छलाबाईंची उत्तरं

*(वच्छलाबाई गायरानावर शेळ्या राखतात. त्यांनी तार तोडायची धमकी दिली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तनुजाचे प्रश्न गाळले आहेत.)*

व्हय, म्हणले होते. तार तोडीन म्हणले होते. चार लोकांत म्हणले.

तोडलीबी हाय. या येळेला नाय, पोळ्याच्या टायमाला. वरचीच तोडली. शेळी खालून जाती, हे ध्यानात आलं मागून. हस बाई, माझी सून बी हसली.

टोकं? टोकं वाकवीत कोण बसतंय? कापायचं अन् पळायचं.

त्या राती घरात. फटाक्यानं शेळ्या बिथरल्या, दोन गाभण होत्या, त्यांना धरून बसले.

आधी फटाके. मंग घोडी वरडली. मंग तार वाजली, ताड-ताड, चार-पाचदा. मंग जराशानं रस्त्यावर गाडीचा आवाज. असा आवाज देवानं कुणाला ऐकू देऊ नये.

पोलिसाला नाय सांगितलं. त्यानं इचारलं का? मला म्हणला, म्हातारे, शेळ्या बाजूला घे.

मोतीराम? त्यो कशाला मारील चंद्रीला? तिला ताप आला तर त्यो गोठ्यात निजायचा. त्याची बायको भामाबाई म्हणायची, सवत बरी.

तू सायबांची कोण? मास्तरीण? मंग तुझं कोण ऐकतंय.

५

शिवराजचं ऑफिस खोट्या तुरुंगाच्या मागं होतं. त्याच्या घरची शंभर एकर, गावात वजन, वय चाळिशीच्या आत. त्यानं चहा मागवला. तनुजानं सगळं सांगून टाकलं. अभय दाराशी उभा होता; त्याला कोणी बस म्हटलं नव्हतं.

“तुमची तार खांबाच्या बाहेरच्या बाजूनं बांधलेली आहे,” ती म्हणाली. “गुरांच्या मुलखात ती आतून बांधतात. जनावर रेललं की तार खांबावर दाबली जाते, खांब भार घेतो. बाहेरून बांधली तर सगळा भार त्या बारीक बांधणीवर. घोडी फटाक्यांना बिथरली, तारेवर गेली, बांधणी तुटली. ती गेल्यावर कोणी तरी तार कापली. घोडीनं तोडलेलं कुंपण माणसानं कापल्यासारखं दिसावं म्हणून.”

“कोणी तरी म्हणजे मी.”

“फटाके तुमच्या फार्मवर वाजले. कुंपण तुमचं. फायदा कोणाचा?”

शिवराज रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं तिला नंतर वाटलं.

“मॅडम, सकाळपर्यंत मी वऱ्हाडात होतो, नंतर रस्त्यावर पोलिसांबरोबर. शंभर मोबाइलांत दिसंन. पण ते सोडा. मला कापायची गरजच काय? तार आपोआप तुटलेली मिळाली असती तर मी काय म्हणालो असतो? मोतीरामनं नीट बांधली नाही. बांधली त्यानंच आहे, विचारा पोराला.”

अभयनं दारातूनच होकारार्थी मान हलवली.

“बाहेरून बांधायला कोणी सांगितलं?”

“मला तारेतलं काय कळतं? मी टोप्या आणल्या.” त्यानं कप तिच्याकडं सरकवला. “चहा घ्या. बाहेरून तार बांधणं हासुद्धा गुन्हा असतो का?”

“बाहेरून तार तो बांधतो, ज्याला बाहेरच्यांची भीती असते.”

“हे फलकावर लिहू नका,” शिवराज म्हणाला.

६

पाचोडच्या स्टँडसमोर, चहाच्या टपरीवर.

शिवराजचं म्हणणं खोडता येत नव्हतं. तार कापून त्याला नवीन काही मिळत नव्हतं. सुदर्शन घाटीत होता. वच्छलाबाई कापतात आणि पळतात.

मग उरलं कोण? ज्याला तुटलेल्या बांधणीची भीती होती, पण कापलेल्या तारेची नव्हती. आणि ज्याला कापून झाल्यावर पळायचं सुचलं नाही. तो थांबला. तिन्ही तारांची सहाही टोकं एकेक करून मागं वाकवत बसला. समोर रस्त्यावर माणूस पडलेला, लोक धावताहेत, आणि हा अंधारात गवतात बसून पकडीनं टोकं वाकवतोय.

तनुजानं तो फोटो उघडला आणि पटकन बंद केला. अभयनं पाहिला होता.

“बाबा घरातला उघडा खिळासुद्धा वाकवून ठेवायचे,” तो म्हणाला. “शेजारच्यांच्या म्हशी जायच्या तिथून.”

दोघांनी चहा तसाच ठेवला.

७

पैठणच्या न्यायालयाचा व्हरांडा. मोतीराम यांना तारखेला आणलं होतं. बरोबरचा पोलीस चांगला होता. त्यानं त्यांना बाकावर बसू दिलं आणि स्वतः खांबाला टेकून मोबाइल बघत राहिला.

“जय भीम, मॅडम. अभ्या म्हणला, तुम्ही तारेचा छडा लावला.”

“जय भीम, काका. तार तुम्ही कापलीत.”

त्यांनी मुलाकडं पाहिलं. मुलानं खाली पाहिलं.

“व्हय. म्याच.”

“घोडी गेल्यावर.”

“आवाज आला तसा पळत गेलो. बांधणी तुटलेली, तार लोळत हुती. रस्त्यावर लोक जमलेले. चंद्री तिकडंच दिसली.” ते थांबले. “म्हणलं, आता उजाडलं की मालक म्हणल, मोत्यानं बांधलेलं सुटलं अन् माणूस मेला. कापलेली दिसली तर चोरावर जाईल. नाव नाय, गाव नाय अशा कुण्या चोरावर. माझ्यावर यील, हे डोक्यातच आलं नाय बघा. मी त्यांचाच माणूस ना.”

“आणि टोकं वाकवली.”

“वच्छलाबाईच्या शेळ्या सकाळी तिथूनच येत्यात. गाभण हायेत दोन. सडाला लागलं म्हंजे?”

पोलीस मोबाइलकडं बघून हसला. तिथं काही तरी विनोदी चाललं होतं.

वकील आले. घाईत होते, पण तनुजाचं त्यांनी पूर्ण ऐकलं आणि दोनदा मान डोलावली.

“तुम्ही पेपरात लिहाल असं आहे हे,” ते म्हणाले. “पण साक्षीला उभं राहायच्या आधी माझं ऐका. तुमच्यामुळं एवढं नक्की होईल, की तार आधी कापली नव्हती. म्हणजे कुंपण मुळात कच्चं होतं. मग प्रश्न, कच्चं बांधलं कोणी? आणि मरणाच्या जागेवर पुरावा बदलला कोणी? दोन्हीला एकच माणूस.”

“आणि मी काही बोलले नाही तर?”

“तर आता आहे तेच. कुंपण कापलं, त्यातून माणूस मेला. तोही हाच माणूस.”

अभय म्हणाला, “म्हणजे खोटं राहिलं तरी बाबा, खरं आलं तरी बाबा.”

“मला वाईट वाटतं,” वकील म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

“बाहेरून बांधायला मालकानं सांगितलं, असं पुढं आलं तर?” तनुजानं विचारलं.

“तर गोष्ट वेगळी. मग निष्काळजीपणा मालकाचा, फटाक्यांसकट. पण ते यांनी सांगायला पाहिजे.”

तिघंही मोतीराम यांच्याकडं बघू लागले. ते आपल्या पायांकडं बघत होते.

“काका, सांगितलं होतं ना त्यानं?”

“आता काय आठवतंय.”

“बाबा.”

“लई दिस झाले त्याला.”

“बाबा, एवढं एकच बोला. मी हात जोडतो.”

“घर तिथंच हाय, अभ्या,” मोतीराम हळू म्हणाले. “गायरानावर. ना सातबारा, ना काय. मालक बोलला नाय म्हणून उभं हाय. तुझी माय आज बी तिथंच निजती.”

“मी तिला बजाजनगरला नेतो. आजच नेतो.”

“एका खोलीत तुम्ही चौघं. अन् नेलं तरी, एकदा ते घर पाडलं की परत तिथं मेख मारू देतंय का कुणी? तुझ्या आज्यानं त्या जागेसाठी मार खाल्ला हाय. मी आत असलो तर मी आत हाय. घर गेलं तर सगळेच गेले.”

“तुम्ही म्हातारे झालात. आत काय होतं तुम्हाला माहीत नाही.”

“महिना काढला की.” त्यांनी अभयच्या शर्टाची कॉलर नीट केली. “जेवलास का?”

तनुजा काही तरी म्हणणार होती. तिनं आयुष्यभर शिकवलेलं सगळं तिच्याजवळ होतं: मैलोन्‌मैल कुंपणं, पाणवठे, कापणाऱ्यांच्या टोळ्या, कोणता गुन्हा गंभीर आणि कोणता किरकोळ. त्यातलं काही त्या बाकावर ठेवण्यासारखं नव्हतं.

“मॅडम,” अभय तिच्याकडं न बघता म्हणाला, “तुम्ही बोलू नका. माझी चूक झाली, मी तुम्हाला आणलं.”

आतून नाव पुकारलं गेलं. पोलिसानं मोबाइल खिशात टाकला आणि मोतीराम यांच्या दंडाला धरलं, जोरात नाही. वकील पुढं, ते मागं, अभय दारापर्यंत.

व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा मघापासून पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो उठून तनुजाजवळ आला.

“ताई, तुम्ही वकीलसाहेबाबरोबरच्या का? मी अतुलचा बाप. मला आत काय कळत नाय, समदं कागदातलं बोलत्यात.” त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “एवढंच सांगा, तार कापली कुणी ते कळलं का? पोराची आई रोज इचारती.”

तनुजाला उत्तर माहीत होतं. कुणी कापली, कधी कापली, कशानं कापली, आणि त्या कापण्यानं त्याचा पोरगा मेला नाही, हेही. एक वाक्य म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला घरी जाऊन सांगायला काही तरी मिळालं असतं. तेच वाक्य आत, कठड्यापाशी, दुसऱ्या म्हाताऱ्यावर पडलं असतं.

तिनं आपली पाण्याची बाटली पुढं केली.

“नाय कळलं का?” त्यानं विचारलं.

“बसा, बाबा,” ती म्हणाली. “ऊन आहे.”

तो बसला. पाणी प्यायला, बाटलीचं तोंड धोतराच्या सोग्यानं पुसून ती परत दिली. आत पुढची तारीख पडली.

तारेची गुंडाळी टेम्पोतून उतरवली त्या दिवशी मोतीराम यांनी शिवराजला विचारलं होतं, तार आतून बांधू ना. शिवराज म्हणाला होता, आतून नको, बाहेरून बांध, फोटो काढताना नवरीचा घागरा अडकतो.